बळ आणि पूर्वसूचना : पोलादाच्या कसोटीविषयी



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो पगाराविषयी, बोनसविषयी किंवा कंत्राटी पद्धतीविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती चुकीची नाही. गेली पंचवीस वर्षे मी तेच करीत आलो आहे. परंतु यंदा चिटणिसांनी विषय माझ्यावर सोडला, तेव्हा मी पोलाद हा विषय घेतला. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. १९८९ साली मी बोईसरला आलो आणि मदतनीस म्हणून कामाला लागलो. पुढे काही वर्षे एका कारखान्याच्या परीक्षणशाळेत सळया ओढून तोडण्याचे काम केले. जे थोडे शास्त्र मला येते ते त्या यंत्रापाशी, मराठी विश्वकोशाच्या खंडांतून आणि शब्दकोश मांडीवर ठेवून वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांतून आलेले आहे. तज्ज्ञांनी चुका दाखवाव्यात. मी त्या आनंदाने दुरुस्त करीन.

या विषयाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या पालघरला १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे स्थान मिळाले, आणि तेव्हापासून येथे घरे, कचेऱ्या, पूल यांची बांधकामे चोहीकडे चालली आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. बोईसरवरून मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा मार्ग आखलेला आहे. तारापूरच्या वसाहतीत पोलादाच्या तारा ओढल्या जातात. म्हणजे पोलाद बनविणारे, विकत घेणारे आणि त्याखाली झोपणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक या मांडवात बसलेले आहेत.

आता असे पाहा. बारा मिलिमीटर जाडीची, घराच्या स्लॅबमध्ये घालतात तशी एक सळई घेतली. तिच्यावर साठ मिलिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या. ती यंत्राच्या वरच्या आणि खालच्या जबड्यांत पकडली आणि हळूहळू ओढू लागलो. प्रथम काहीच होत नाही असे वाटते. प्रत्यक्षात ती केसभर लांबत असते, आणि भार काढला तर पुन्हा मूळच्या लांबीवर येते. या अवस्थेला स्थितिस्थापक अवस्था म्हणतात. भार वाढवीत गेलो की एक क्षण असा येतो की साध्या मऊ पोलादाच्या बाबतीत तबकडीवरचा काटा थबकतो, किंचित मागेही येतो, आणि सळईच्या अंगावरची काळी खपली सुटून खाली पडू लागते. पोलाद शरण आले. आता भार काढला तरी ते पूर्वीच्या लांबीवर जाणार नाही.

परंतु शरण येणे म्हणजे तुटणे नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण माझ्या सगळ्या व्याख्यानाचा आधार तीच आहे. शरण आल्यानंतर सळई लांबत जाते आणि लांबता लांबता अधिक बळकटही होते. मग कोठेतरी एका जागी ती बारीक होऊ लागते. आम्ही परीक्षणशाळेत म्हणत असू, ‘मान पडली.’ त्यानंतर काही क्षणांत मोठा आवाज होऊन ती तुटते. तुटलेली टोके पाहिली तर एक वाटीसारखे आणि दुसरे त्या वाटीत बसणाऱ्या शंकूसारखे दिसते. दोन्ही तुकडे जुळवून खुणांमधले अंतर मोजायचे. साठाचे सत्तर झाले असेल, तर सळई शेकडा सोळाहून अधिक लांबली. हा आकडा म्हणजे तिची तन्यता. सळईने किती भार सोसला हा एक आकडा, आणि मरण्यापूर्वी ती किती लांबली हा दुसरा. लोक पहिला आकडा विचारतात. दुसरा फारसा कोणी विचारीत नाही.

हे लांबणे होते कसे? पोलाद सूक्ष्म स्फटिकांचे बनलेले असते आणि त्यांतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. संपूर्ण थर एकदम सरकवायचा तर प्रचंड बळ लागेल. परंतु स्टेशनात उभी असलेली मालगाडी निघताना आपण ऐकली असेल. सगळे डबे एकदम हलत नाहीत; साखळीतली ढिलाई एकेका डब्यागणिक ताणली जाते आणि खडखडाट इंजिनाकडून गार्डाच्या डब्यापर्यंत धावत जातो. स्फटिकातही तसेच एक वैगुण्य असते. ते पुढे पुढे धावते आणि थर थोड्या बळात सरकतो. ही कल्पना १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. पोलाद बळकट करणे म्हणजे या धावत्या वैगुण्याच्या वाटेत अडथळे उभे करणे. कार्बन वाढवा, तापवून एकदम थंड करा, किंवा तार साच्यातून ओढून ओढून बारीक करा; अडथळे वाढतात आणि बळ वाढते. परंतु त्यापायी लांबण्याची जी शिल्लक होती, ती बहुधा कमी होते. ओढलेल्या तारेने आपली पुष्कळशी पुंजी साच्यातच खर्च केलेली असते.

हे मी मनचे सांगत नाही. आपल्या भारतीय मानकात ते आकड्यांनी लिहिलेले आहे. सळईच्या नावात ‘एफई’ या अक्षरांपुढे जो आकडा असतो, तो दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन भारापर्यंत ती शरण येत नाही हे सांगतो. ४१५ च्या सळईने तुटण्यापूर्वी शेकडा किमान साडेचौदा लांबले पाहिजे. ५०० च्या सळईने बारा. ५५० च्या सळईला दहाच पुरे. बळ वर जाते, लांबणे खाली येते. मात्र ५०० च्याच बळाची एक ‘डी’ जातीची सळई आहे. तिला शेकडा सोळा लांबावे लागते. तिच्यात गंधक आणि फॉस्फरस ही द्रव्ये प्रत्येकी शेकडा ०.०४० च्या आत ठेवावी लागतात. साध्या ५०० ला ही मर्यादा ०.०५५ आहे. म्हणजे बळ आणि तन्यता यांचे जन्माचे वैर आहे असे नाही; पण दोन्ही एकत्र हवी असतील तर भट्टीपाशी अधिक काळजी घ्यावी लागते आणि काळजीला पैसा पडतो.

भूकंपात घराला हीच तन्यता वाचविते. धक्का बसला की इमारतीत शक्ती शिरते. ती कोठेतरी जिरली पाहिजे. योग्य तऱ्हेने बांधलेल्या घरात सळया ठरलेल्या जागी शरण येतात, लांबतात, काँक्रीटला भेगा पडतात, गिलावा निखळतो. घर कुरूप होते, पण माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. न लांबणारी सळई आपल्याला काही सांगत नाही. ती एकदम तुटते. म्हणून मी म्हणतो की चांगल्या पोलादात दोन गुण हवेत : बळ आणि पूर्वसूचना.

आता अधिक बळाच्या पोलादाकडे वळू. पुलांच्या तुळयांत जे काँक्रीट असते त्यात सात तारांचे पीळ दिलेले दोर घालून ते ताणून ठेवतात. त्यामुळे काँक्रीट दाबले जाते आणि भाराखाली भेगाळत नाही. १२.७ मिलिमीटर जाडीचा असा एक दोर मानकाप्रमाणे सुमारे साडेअठरा टनांहून अधिक भार सोसतो. जवळजवळ तेवढ्याच जाडीची घरातली सळई पावणेसहा टनांच्या आसपास शरण येते. केवढा फरक! पण या दोराला तुटण्यापूर्वी शेकडा साडेतीन लांबला तरी पुरे, असे मानक म्हणते. द्रुतगती रेल्वेच्या मार्गावर चाळीस मीटर लांबीच्या, सुमारे ९७० टनांच्या तुळया बसवितात. त्यांचे सामर्थ्य अशा दोरांवरच उभे आहे.

येथे कामगारांच्या जिवाचा प्रश्न येतो. लोकांना वाटते की जास्त बळाचे पोलाद जास्त ताठ असते. तसे नाही. स्थितिस्थापक अवस्थेत सारखा भार आणि सारखी जाडी असेल तर मऊ आणि कठीण पोलाद जवळजवळ सारखेच लांबते. परंतु कठीण पोलादावर आपण भारच कितीतरी अधिक घालतो. चाळीस मीटरचा दोर त्याच्या बळाच्या पाऊणपट, म्हणजे चौदा टनांनी ताणला, तर तो जवळजवळ एक फूट लांबतो आणि तेवढी शक्ती पोटात साठवून बसतो. एक क्विंटलचे पोते सहा मजल्यांवरून खाली टाकले तर जेवढा दणका बसेल, तेवढी ती शक्ती असते. दोर तुटला किंवा पाचर निसटली, तर ती सर्व एका क्षणात बाहेर येते. म्हणून ताण देताना जॅकच्या मागे, दोराच्या रेषेत, कोणीही उभे राहू नये असा नियम आहे. हा नियम भिंतीवर रंगवून भागत नाही. तेथे आडोसा लागतो, आणि घाईच्या वेळी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो.

आता एक अधिक विचित्र गोष्ट. पोलाद आज कसोटीला उतरते आणि तीन दिवसांनी, त्याच किंवा त्याहून कमी भाराखाली, आपोआप तुटते. हे कसे? पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पहिली वसंत व्याख्यानमाला झाली. त्याच साली इंग्लंडात विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. आम्लात बुडवून काढलेली पोलादाची तार ठिसूळ होते, ती मोडून मोडलेली जागा ओली केली तर तेथे बुडबुडे येतात, आणि तार काही काळ ठेवून दिली तर ती पुष्कळशी पूर्ववत होते, असे त्याने दाखविले. ही हायड्रोजनची करामत. तारेवरचा गंज आणि खपली काढण्यासाठी आम्लाचे हौद वापरतात. त्यात हायड्रोजन सुटतो आणि त्याचे सूक्ष्म अणू पोलादात शिरतात. मऊ पोलाद त्याला बरेचसे सोसते. बळकट पोलादात मात्र ते अणू जेथे ताण अधिक तेथे गोळा होतात आणि हळूहळू भेग उघडतात. म्हणून अशा मालाला आम्लानंतर भट्टीत काही तास ऊब द्यावी लागते, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. ते काही तास वाचविण्याचा मोह उत्पादनाला नेहमी होतो.

हा दोष केवळ गरीब देशांत होतो असे समजू नये. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या नव्या भागात मार्च २०१३ मध्ये जस्ताचा मुलामा दिलेले बळकट पोलादाचे ९६ नांगरदांडे ताणून घट्ट केले. थोड्याच दिवसांत त्यांतील ३२ तुटले. ओढून पाहण्याच्या कसोटीत ते उतरले होते. पण हायड्रोजन आणि दीर्घकाळचा ताण एकत्र आल्यावर काय होईल, हा प्रश्न त्या कसोटीने विचारलेला नव्हता. आणि आपल्या शेजारी गोव्यात, पणजीचा १९७० च्या सुमारास बांधलेला मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारांचे गंजणे हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. खाऱ्या हवेचा चिंचणी-तारापूरचा किनारा आपल्यालाही आहे. बळकट तार जेवढी बारीक, तेवढे गंजाला खाण्यासाठी कमी पुरते.

म्हणून पोलादाला एकच प्रश्न विचारून चालत नाही. ओढून पाहावे, वाकवून पाहावे, दीर्घकाळ ताणून ठेवून पाहावे. पुलाचा दोर हजार तास, म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस, ताणलेला ठेवून त्याचा ताण किती ढिला पडतो हे मोजतात. आणि घाव घालूनही पाहावे. दहा मिलिमीटर चौकोनी आणि पंचावन्न मिलिमीटर लांब अशा तुकड्याला मधोमध खाच पाडून लंबकाच्या हातोड्याने तो मोडायचा, या कसोटीला शार्पी या फ्रेंच अभियंत्याचे नाव आहे. आपल्या तारापूर अणुविद्युत केंद्राची पहिली दोन एकके १९६९ साली सुरू झाली. अशा अणुभट्टीच्या पात्रात त्याच पोलादाचे छोटे तुकडे मुद्दाम ठेवलेले असतात; किरणोत्सर्गाच्या माऱ्याने पोलाद ठिसूळ होत जाते, म्हणून ठराविक वर्षांनी ते काढून अशाच हातोड्याखाली मोडतात. पात्र तोडून पाहता येत नाही. त्याच्या सोबत्याला विचारावे लागते.

आतापर्यंत मी यंत्राचे सांगितले. आता माणसाचे सांगतो, आणि तो माणूस मी आहे.

१९९३ सालची गोष्ट. कारखान्याचे नाव मी सांगणार नाही. तो आता चालूही नाही. पावसाळ्याचे दिवस होते, दारात ट्रक भरून उभा होता आणि प्रमाणपत्रावाचून तो निघू शकत नव्हता. मी सळई ओढली. भार छान सोसला, पण मान पडलीच नाही. ती मधोमध फट्‌कन तुटली. साठाचे मोजून साडेपासष्ट झाले होते, म्हणजे शेकडा नऊ. हवे होते साडेचौदा. मी वर जाऊन सांगितले. वरच्यांनी शांतपणे विचारले, “जबड्यात तुटली का?” श्रोतेहो, सळई यंत्राच्या जबड्यापाशी तुटली आणि आकडा कमी आला, तर तो दोष पकडीचा असू शकतो, म्हणून तो नमुना बाद धरून दुसरा घेण्याची मुभा असते. नियम योग्य आहे. त्यांनी दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला, तेव्हा मला उत्तर समजले. मी लिहिले : जबड्यात तुटली, बाद. दुसरा नमुना दुसऱ्या सळईचा घेतला. तो साडेपंधरा आला. ट्रक गेला.

माझी नोकरी कायम नव्हती. लग्न ठरले होते. ही कारणे खरी आहेत. पण ती सळईला माहीत नव्हती. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेथली बहुतेक घरे दगडमातीची. माझ्या सळईचा त्या माणसांशी काही संबंध नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. तरी वर्तमानपत्रातली छायाचित्रे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे तो ट्रक येई. तो कोठे गेला, कोणाच्या घरात ती सळई बसली, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. कळण्याचा मार्गही मीच बंद केला होता, कारण कागदावर तसे काही घडलेच नव्हते.

लंडनमध्ये डेव्हिड कर्काल्डी नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने १८७४ साली परीक्षणशाळा उघडली आणि तिच्या दारावर कोरून ठेवले की येथे मते नव्हेत, वस्तुस्थिती मिळते. हे वाक्य मी पुष्कळ वर्षांनी वाचले आणि मला लाज वाटली. पण लाज वाटून घेणे हा उपाय नव्हे. मी विचार केला की माझ्या जागी दुसरा मुलगा असता तर त्याने काय केले असते? मी केले तेच केले असते. ज्याच्या हाती काटा आहे त्याची भाकरी जर ट्रक रवाना करणाऱ्याच्या हाती असेल, तर काटा खरे बोलणार नाही. हे शिकून मी संघटनेत आलो. पुढे आम्ही ज्या ज्या करारांच्या बैठकींना बसलो, तेथे पगाराच्या कलमांबरोबर एक कलम मागत गेलो : परीक्षण करणारा माणूस रवानगी खात्याच्या हुकमतीखाली नसावा, आणि नापास नमुना नोंदविल्याबद्दल कोणावर कारवाई होऊ नये. काही ठिकाणी ते मिळाले, पुष्कळ ठिकाणी मिळाले नाही. जेथे परीक्षक कंत्राटी आहे, तेथे ते मागण्याचीही सोय नाही. मालकांना मी नेहमी सांगत आलो की हे कलम तुमच्याविरुद्ध नाही. नापास झालेली सळई तुमच्या आवारात तुटते तेव्हा तुमचे काही किलो पोलाद जाते. ती दुसऱ्याच्या घरात तुटते तेव्हा काय जाते त्याचा हिशेब कोणत्याही खतावणीत बसत नाही.

आणि आपण, जे घरे बांधता, त्यांनाही माझी विनंती आहे. सळई घेताना फक्त भाव आणि ‘किती मजबूत’ एवढेच विचारू नका. ‘डी’ जातीची आहे का ते विचारा. भट्टीचा घाण क्रमांक लिहिलेले परीक्षणपत्र मागा, तो क्रमांक सळईच्या गठ्ठ्याच्या पट्टीशी जुळवून पाहा, आणि त्यात लांबण्याचा आकडा वाचा. एखादा तुकडा तिऱ्हाइताकडे तपासून घ्या. घराच्या खर्चात तो खर्च नगण्य असतो. सळई वाकविणाऱ्या कारागिराला विचारा की वाकताना बाहेरच्या बाजूस चीर पडते का. त्याचा हात रोज शेकडो सळया वाकवितो आणि त्याला पुष्कळ कळते, पण त्याला कोणी विचारीत नाही. गिऱ्हाईक आकडा विचारू लागले, म्हणजे कारखान्यात तो आकडा खरा लिहिणाऱ्या पोराला बळ येते. आमच्या कलमापेक्षाही हा आधार मोठा आहे.

पोलाद तुटण्यापूर्वी जे सांगते ते ऐकणारा आणि लिहून ठेवणारा माणूस निर्भय असला पाहिजे, एवढेच मला सांगायचे होते. ती बारा मिलिमीटरची, साडेपासष्टवर तुटलेली सळई मी त्या दिवशी भंगारात टाकली. आज वाटते, ती जपून ठेवायला हवी होती. या मेजावर ठेवून आपल्याला दाखविली असती.